कणकुंबी ते गोकाक : वनस्पतींची प्रजातिसंख्या आणि मातीतले सूक्ष्मजीव यांची नमुनापाहणी कशी करावी

बेळगाव जिल्ह्याच्या पश्चिम टोकाला कणकुंबी आहे. मलप्रभेचा उगम तिथला, आणि पावसाळ्यात आठ-आठ दिवस सूर्यदर्शन होत नाही. तिथून पूर्वेकडे शे-सव्वाशे किलोमीटर आलो की गोकाक लागते. तिथला वर्षभराचा पाऊस जेमतेम पाच-सहाशे मिलिमीटर असतो आणि पायाखाली तांबड्या मातीऐवजी काळी जमीन असते. या दोन टोकांच्या मध्ये खानापूर तालुक्यातील सदाहरित आणि पानझडी राने, चोर्ल्याकडचे जांभ्याचे सडे, देवराया, भाताची खाचरे, उसाचे मळे आणि बाभूळ-बोरीचे माळ असे सगळे काही आहे. एका दिवसाच्या प्रवासात इतका फरक दिसत असल्यामुळे येथील महाविद्यालयांत आणि ग्रामपंचायतींच्या जैवविविधता व्यवस्थापन समित्यांत प्रजातींच्या याद्या उत्साहाने केल्या जातात. त्या याद्यांतील एक उणीव मात्र वारंवार दिसते. "आमच्या देवराईत ९० प्रजाती आहेत" एवढेच लिहिलेले असते. त्या किती क्षेत्रात, किती दिवसांत, कोणत्या महिन्यात आणि किती जणांनी शोधल्या, हे कुठेच नसते. ते नसेल तर त्या ९०ची तुलना शेजारच्या गावातील ६०शी करता येत नाही, आणि दहा वर्षांनी त्याच देवराईशीही करता येत नाही.

मातीच्या बाबतीत तर अडचण आणखी मोठी आहे, कारण तेथे डोळ्यांना काहीच दिसत नाही. झाडे ऑगस्टमध्ये मोजायची आणि माती सवडीने जानेवारीत, त्याच रानातील पण भलत्याच जागेवरून आणायची, असे झाले की दोहोंचा संबंध जोडण्याचा मार्गच बंद होतो. म्हणून पुढील सर्व पायऱ्या एका नियमावर बेतलेल्या आहेत: वनस्पती आणि माती एकाच आखलेल्या चौरसातून, एकाच भेटीत, एकाच क्रमांकाखाली घ्यावी आणि प्रत्येक ठिकाणी सारख्याच श्रमाने शोधावे.

आधी प्रश्न, मग दोरी

पाहणीला निघण्यापूर्वी आपला प्रश्न एका वाक्यात कागदावर लिहावा. "जैवविविधतेचा अभ्यास करणे" हा प्रश्न होत नाही. "जांबोटी परिसरातील देवराया आणि त्यांना लागून असलेली चराऊ राने यांच्यात वृक्षांची प्रजातिसंख्या आणि वरच्या थरातील जिवाणूंची संख्या वेगवेगळी आहे का?" हा प्रश्न आहे, कारण तो वाचताच तुलना कशाची करायची, मोजायचे काय आणि जायचे कुठे, हे ठरते.

येथेच सर्वाधिक होणारी चूक समजून घ्यावी. एका देवराईत दहा चौरस आखले आणि एका चराऊ रानात दहा चौरस आखले, तर आपल्याजवळ दहा-दहा नमुने आहेत असे वाटते. प्रत्यक्षात आपल्याजवळ एक देवराई आणि एक रान आहे. त्यांच्यातील फरक देवराईपणामुळे आहे, की एक ओढ्याकाठी आणि दुसरे टेकाडावर असल्यामुळे, हे त्या वीस चौरसांवरून कधीच सांगता येणार नाही. हर्लबर्ट यांनी १९८४ मध्ये या दोषाकडे पर्यावरणशास्त्रज्ञांचे लक्ष वेधले आणि तेव्हापासून त्याला खोटी पुनरावृत्ती म्हणण्याचा प्रघात पडला. उपाय साधा आहे, पण पायपीट वाढवणारा आहे. एका देवराईत दहा चौरसांऐवजी निदान पाच-सहा गावांतील देवराया निवडाव्यात, प्रत्येकीजवळ तिच्याच उताराचे आणि मातीचे रान जोडीला घ्यावे आणि दर ठिकाणी तीन-चार चौरस आखावेत. वेळ आणि पैसा कमी असेल तर चौरस कमी करावेत, ठिकाणे कमी करू नयेत.

जागा ठरवताना गावातील जाणत्या माणसाबरोबर एक संध्याकाळ घालवावी, असे मी आग्रहाने सांगेन. आज दाट दिसणारे खानापुरातील एखादे रान पूर्वी कुमरी शेतीसाठी, म्हणजे रान जाळून केल्या जाणाऱ्या फिरत्या शेतीसाठी, जाळलेले असू शकते, एखाद्या उतारावर जुन्या खाचरांचे बांध पाचोळ्याखाली दडलेले असतात आणि गवळ्यांचा जुना वाडा जेथे होता तेथील माती शेणखतामुळे पिढ्यान्‌पिढ्या वेगळी राहते. ही माहिती कोणत्याही नकाशात मिळत नाही, आणि ती नसेल तर मातीच्या आकड्यांचे चुकीचे कारण देण्याची वेळ येते.

परवानगी आणि सुरक्षितता

राखीव जंगलात कर्नाटक वनखात्याची लेखी परवानगी लागते. भीमगड परिसर २०११ पासून अभयारण्य आहे, त्यामुळे तेथे वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार स्वतंत्र परवानगी घ्यावी लागते आणि तिला महिने लागू शकतात. खासगी माळावर मालकाला, देवराईत गावच्या पंचांना आणि पुजाऱ्याला विचारावे. काही देवरायांत चप्पल घालून जाणे किंवा वाळलेली काडीही बाहेर नेणे चालत नाही. तेथे माती उचलण्याची मुभा मिळाली नाही तर ते ठिकाण वगळावे.

रानात एकट्याने जाऊ नये. गवा आणि अस्वल या दोहोंचा वावर खानापूरच्या रानांत आहे. पावसाळ्यात जळवांसाठी लांब मोजे पुरतात, पण डिसेंबर ते मे या काळात गोचिडींपासून जपणे त्याहून महत्त्वाचे आहे, कारण चोर्ला घाटाला लागून असलेल्या सत्तरी आणि दोडामार्ग तालुक्यांत गोचिडींमार्फत पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळलेले आहेत. पाचोळ्यावर बसू नये, घरी आल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत आणि माकड मरून पडलेले दिसले तर त्या जागेतून माघारी फिरून आरोग्य केंद्राला कळवावे.

कोणत्या महिन्यात जावे

सड्यावरील वनस्पती पाहायच्या असतील तर ऑगस्टचा दुसरा पंधरवडा ते सप्टेंबरअखेर एवढाच काळ हाती असतो. सीतेची आसवे, तेरड्याचे प्रकार, भुईआमरी आणि अनेक लहान गवते तेवढ्याच दिवसांत फुलतात. नोव्हेंबरमध्ये गेल्यास तोच सडा उघडा खडक दिसतो. वृक्षांसाठी मात्र डिसेंबर ते एप्रिल हा काळ चांगला, कारण फुले-फळे तेव्हा मिळतात आणि उभे राहून मोजमाप करता येते. म्हणून शक्य असल्यास त्याच चौरसांना दोन भेटी द्याव्यात आणि दोन्ही वेळा माती घ्यावी. एकच भेट शक्य असेल तर ऑक्टोबर निवडावा: पावसाळी वनस्पती संपलेल्या नसतात, जमिनीत ओल असते आणि वाटा चालण्याजोग्या झालेल्या असतात. मुसळधार पाऊस पडून गेल्यावर लगेच माती घेऊ नये. किमान दोन-तीन दिवस थांबावे. कणकुंबीचा नमुना ऑगस्टमध्ये आणि गोकाकचा मे महिन्यात घेऊन तुलना केली तर आपण दोन जागांची नव्हे, दोन ऋतूंची तुलना करत असतो.

चौरस आखणे

वृक्षांसाठी २० मीटर बाय २० मीटरचा चौरस, त्याच्या दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांत झुडपांसाठी ५ बाय ५ मीटरचे दोन आणि रोपे-गवतांसाठी चार कोपरे व मध्य अशा पाच ठिकाणी १ बाय १ मीटरचे लहान चौरस, ही एकात एक बसणारी रचना आपल्याकडील रानांना चांगली लागू पडते. उघड्या माळावर आणि सड्यावर मोठ्या चौरसाचा उपयोग नसतो. तेथे एक मीटरचे चौरस अधिक संख्येने घ्यावेत.

चौरसाची जागा डोळ्यांनी निवडू नये. आपले डोळे नेहमी मोठ्या झाडाकडे, फुललेल्या झुडपाकडे आणि चालायला सोप्या जागेकडे जातात. रानाच्या नकाशावर जाळी आखून प्रत्येक चौकटीला क्रमांक द्यावा आणि चिठ्ठ्या टाकून क्रमांक काढावेत. निघालेली जागा दरीत किंवा डोहात असेल तर पुढची चिठ्ठी घ्यावी आणि सोडलेल्या जागेची नोंद कारणासह ठेवावी. वाट, शेताचा बांध किंवा रस्ता यांच्यापासून निदान वीस मीटर आत राहावे. कडेला रानमोडी आणि घाणेरी माजलेली असते आणि ती आतल्या रानाचे चित्र बिघडवते.

काटकोनासाठी यंत्र लागत नाही. दोरीवर ३, ४ आणि ५ मीटरच्या खुणा करून त्रिकोण केला की कोपरा बरोबर येतो, आणि शेवटी कर्ण मोजावा: वीस मीटरच्या चौरसाचा कर्ण २८.२८ मीटर भरला पाहिजे. उतारावर आडवे अंतर धरायचे असते, जमिनीलगतचे नव्हे. ३० अंशांच्या उतारावर २० मीटर आडव्या अंतरासाठी जमिनीवरून सुमारे २३.१ मीटर दोरी सोडावी लागते. घाटातील चौरस नेहमी लहान भरतात आणि त्यांत झाडे कमी आल्यासारखी दिसतात, त्यामागे पुष्कळदा एवढेच कारण असते.

मोजणी

सीमेवरच्या झाडांचा नियम आधी ठरवावा. उत्तर आणि पूर्व बाजूच्या दोरीवर आलेले झाड धरायचे, दक्षिण आणि पश्चिम बाजूचे सोडायचे, असे एकदा लिहून ठेवले की वाद होत नाही. जमिनीपासून १.३ मीटर उंचीवर ज्याचा घेर ३० सेंटिमीटर किंवा अधिक आहे तो वृक्ष धरावा. त्याहून बारीक पण एक मीटरपेक्षा उंच असेल ते झुडपांच्या चौरसात आणि त्याखालचे रोपांच्या चौरसात मोजावे. उतारावर घेर वरच्या बाजूला उभे राहून घ्यावा. बुंध्याला आधारमुळांचे पाखे असतील तर पाखे संपतात त्याच्या वर टेप लावावा. एकाच बुडख्यातून १.३ मीटरच्या खाली फुटलेल्या दोन खोडांचे घेर वेगवेगळे लिहावेत, पण झाड एकच मोजावे. तोड झालेल्या रानात ऐन आणि किंदळ यांचे असे फुटवे फार असतात आणि ते सुटे मोजले तर झाडांची संख्या उगाच फुगते.

गवतांत एकेक रोप मोजणे अशक्य असते. एक मीटरच्या चौरसात दर प्रजातीने किती टक्के जमीन झाकली आहे याचा अंदाज दोघांनी स्वतंत्रपणे करावा आणि सरासरी लिहावी. चौरस अर्ध्या इंचाच्या पीव्हीसी नळ्यांचा केला आणि त्यावर दहा-दहा सेंटिमीटरला रंगीत पट्ट्या बांधल्या तर अंदाज बराच सुधारतो. प्रत्येक चौरसाला ठरावीक वेळ द्यावा आणि तो लिहावा. संध्याकाळी शेवटच्या चौरसात घाईने पाहिले की प्रजाती कमी सापडतात. थकव्याचा हा परिणाम खरा असतो. म्हणूनच एका जोडीतील देवराई नेहमी सकाळी आणि रान नेहमी दुपारी, असा क्रम पडू देऊ नये.

नावांचा प्रश्न

आपल्या सीमाभागात एका झाडाला मराठी, कन्नड आणि कोकणी अशी तीन नावे असतात आणि गावागणिक ती बदलतात. ज्याला आपण ऐन म्हणतो त्याला कन्नडमध्ये मत्ती म्हणतात. होळेमत्ती म्हणजे मात्र नदीकाठचा अर्जुन. नुसते "मत्ती" लिहून घेतलेल्या यादीत हे दोन वृक्ष एक होऊन जातात. म्हणून सांगणाऱ्याने उच्चारलेले नाव जसेच्या तसे, भाषेसह लिहावे आणि शास्त्रीय नाव नंतर ठरवावे.

ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी खोल चौकोनी भेगांची असते आणि पानाच्या मागे देठाजवळ शिरेवर ग्रंथींचे उंचवटे हाताला लागतात. किंदळाला थंडीत तांबूस पंखांच्या फळांचे घोस येतात आणि ते लांबूनही ओळखू येतात. अशी खूण प्रत्येक प्रजातीसमोर लिहिली तर पुढील वर्षी नवा विद्यार्थीही तेच झाड ओळखू शकतो. ज्याची ओळख पटली नाही त्यालाही लगेच तात्पुरते नाव द्यावे, उदाहरणार्थ "जांबोटी-३, चीक पांढरा, पाने समोरासमोर", आणि फुला-फळासह फांदी वर्तमानपत्रात दाबून घ्यावी. पावसाळ्यात हे कागद रोज बदलावे लागतात, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी येते. आमरी, कंदवर्गीय आणि सड्यावरील दुर्मीळ वनस्पती मात्र उपटू नयेत. पान, फूल, देठ आणि मापपट्टीसह पूर्ण रोप अशी चार छायाचित्रे पुरतात.

दाबलेले नमुने पडताळण्यासाठी बेळगावातील राष्ट्रीय पारंपरिक वैद्यक संस्था, कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आणि पुण्यातील भारतीय वनस्पती सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र या तीन जागा आपल्याला जवळच्या आहेत. थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात सिद्ध केलेल्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिग्रंथाचा आजही उपयोग होतो, कारण त्या वेळी बेळगाव जिल्हा इलाख्यातच होता. त्यातील अनेक नावे पुढे बदलली आहेत, त्यामुळे आजचे ग्राह्य नाव तपासूनच यादीत लिहावे. एकच वनस्पती जुन्या आणि नव्या अशा दोन नावांनी यादीत शिरली तर प्रजातिसंख्या नकळत वाढते. रानमोडीच्या बाबतीत हे सहज होते: जुन्या याद्यांत ती युपॅटोरियम असते आणि नव्यांत क्रोमोलिना.

माती घेणे

वनस्पतींची मोजणी पूर्ण होण्याआधी माती घ्यावी. हा क्रम उलटा वाटेल, पण चार माणसे दोन तास चौरसात वावरली की पाचोळा आणि वरची माती तुडवली जाते. म्हणून दोरी बांधून झाली की एकाने आधी मातीचे काम उरकावे.

लागणारे सामान थोडे आहे: लोखंडी खुरपे किंवा मातीचा गिरमिट, ७० टक्के स्पिरिट, कापूस, लायटर, हातमोजे, निर्जंतुक जिपलॉक पिशव्या, स्टीलची परात, बर्फाची पेटी आणि पेन्सिल. पेन्सिलीचा उल्लेख मुद्दाम करतो. माझ्या पहिल्या पाहणीत पिशव्यांवर मार्कर पेनने क्रमांक घातले होते. खुरपे पुसण्यासाठी वापरलेल्या स्पिरिटचे हात त्याच पिशव्यांना लागत होते. रात्री पेटी उघडली तेव्हा बारांपैकी पाच पिशव्यांवर निळसर डागांशिवाय काही उरले नव्हते आणि त्या पाचही फेकाव्या लागल्या. स्पिरिटने मार्करची शाई विरघळते, पेन्सिलीची रेघ विरघळत नाही. तेव्हापासून मी जाड कागदाच्या चिठ्ठीवर पेन्सिलीने क्रमांक लिहून ती छोट्या पिशवीत घालतो, ती पिशवी मातीच्या पिशवीबरोबर दुसऱ्या मोठ्या पिशवीत ठेवतो आणि तोच क्रमांक वहीत लिहितो.

वीस मीटरच्या चौरसात पाच ठिकाणे घ्यावीत: मध्य आणि मध्यापासून चारही कोपऱ्यांच्या अर्ध्या वाटेवर एकेक. तेथील सुटा पाचोळा हाताने बाजूला सारावा, पण त्याखालचा काळसर, मऊ, बुरशीच्या पांढऱ्या धाग्यांनी बांधलेला थर खरवडून टाकू नये. जिवंतपणा तेथेच सर्वांत जास्त असतो. तो थर मातीतच धरायचा की वेगळा घ्यायचा, हे सुरुवातीलाच ठरवून शेवटपर्यंत तसेच करावे. खुरपे स्पिरिटने पुसावे, ज्योतीवर फिरवावे, गार होऊ द्यावे आणि शून्य ते दहा सेंटिमीटर खोलीची माती सारख्या जाडीच्या कापाने काढावी. वर रुंद आणि खाली निमुळता खड्डा झाला की वरच्या थराचे प्रमाण वाढते, म्हणून काप सरळ असावा. दर ठिकाणची सुमारे १०० ग्रॅम माती परातीत मिसळावी, खडे, मुळ्या आणि गांडुळे काढावीत, ढीग चार भागांत वाटून समोरासमोरचे दोन भाग टाकावेत आणि सुमारे २५० ग्रॅम उरवावी. पुढच्या चौरसाकडे जाण्यापूर्वी परात, खुरपे आणि बुटांचे तळवे स्वच्छ करावेत. एका रानाची माती दुसऱ्या रानात नेणे नमुन्यालाही वाईट आणि रानालाही.

चोर्ल्याकडच्या सड्यांवर कित्येक ठिकाणी तीन-चार सेंटिमीटरच माती असते. तेथे दहा सेंटिमीटरचा हट्ट धरून जांभ्याचा चुरा मिसळू नये. मिळेल तेवढी खोली घ्यावी आणि ती लिहावी. पूर्वेकडील काळ्या जमिनीची अडचण वेगळी असते. उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात, वरची माती त्यांत कोसळते आणि पावसाळ्यात भेगा मिटल्या की ती खालीच राहते. ही जमीन स्वतःला अशी घुसळत असल्यामुळे तेथे "वरचा थर" आणि "खालचा थर" यांतील फरक तांबड्या जमिनीइतका स्पष्ट नसतो. भेगेच्या काठावरून माती घेऊ नये, दोन भेगांच्या मधला भाग निवडावा.

उरवलेल्या मातीचे तिथेच तीन भाग करावेत. एक भाग जिवाणू-बुरशी वाढवून मोजण्यासाठी बर्फाच्या पेटीत ठेवावा, तो चार अंश सेल्सियसला ठेवून शक्यतो चोवीस तासांत वापरावा. दुसरा, पाच-दहा ग्रॅमचा भाग डीएनएसाठी निर्जंतुक नळीत घालावा आणि त्याच रात्री उणे वीस, जमल्यास उणे ऐंशी अंशांवर ठेवावा. तिसरा भाग सावलीत वाळवून सामू (आम्ल-अल्कपणाचे माप, पीएच) आणि सेंद्रिय कर्ब तपासण्यासाठी ठेवावा. गाडीच्या डिकीत उन्हात दोन तास राहिलेली माती पहिल्या दोन कामांसाठी बाद समजावी.

सामू मोजल्याशिवाय सूक्ष्मजीवांचा अभ्यास पुरा होत नाही. फिअरर आणि जॅक्सन यांनी २००६ मध्ये दाखवून दिले की मातीतील जिवाणूंची विविधता ठरवणाऱ्या घटकांत सामूचा वाटा फार मोठा असतो. खानापूरची जांभ्याची माती आम्लधर्मी आणि गोकाक-सौंदत्तीकडची काळी माती अल्कधर्मी असल्यामुळे आपल्या पट्ट्यात तर हा मुद्दा टाळताच येत नाही. एक भाग माती आणि अडीच भाग ऊर्ध्वपातित पाणी ढवळून, अर्धा तास ठेवून सामू मोजावा.

प्रयोगशाळेत

माती दोन मिलिमीटरच्या निर्जंतुक चाळणीतून काढावी. ओलावा आधी मोजावा: दहा ग्रॅम माती १०५ अंशांवर चोवीस तास वाळवून पुन्हा वजन करावे. मग दुसरी दहा ग्रॅम ओली माती ९० मिलिलिटर निर्जंतुक मिठाच्या पाण्यात, म्हणजे लिटरला साडेआठ ग्रॅम मीठ या प्रमाणात केलेल्या द्रावणात, अर्धा तास हलवावी. त्यातील एक मिलिलिटर नऊ मिलिलिटर द्रावणात, त्यातील एक पुढच्या नऊमध्ये, असे दहा-दहापट पातळ करत जावे. दर वेळी नवी पिपेट घ्यावी. प्लेटमध्ये वाढीचे माध्यम म्हणून जिवाणूंसाठी न्यूट्रिएंट आगर आणि बुरशीसाठी रोझ बेंगॉल आगर वापरावे आणि त्यावर पातळ केलेले द्रावण पसरावे. बुरशीच्या प्लेटसाठी कमी पातळ केलेले द्रावण लागते. बुरशीसारखे धागे करणाऱ्या ॲक्टिनोमायसीट जिवाणूंसाठी स्टार्च-केसीन आगर चांगले. ऑटोक्लेव्ह (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणारे यंत्र) नसलेल्या महाविद्यालयात मोठ्या प्रेशर कुकरमध्ये वीस-पंचवीस मिनिटे शिटीच्या दाबावर माध्यम निर्जंतुक करता येते. दर नमुन्याच्या तीन प्लेट कराव्यात आणि माती न घातलेली एक प्लेट सोबत ठेवावी. तिच्यावर वसाहत, म्हणजे सूक्ष्मजीवांचा डोळ्यांना दिसणारा ठिपका, उगवली तर त्या दिवसाचे सर्व काम पुन्हा करावे.

२८ ते ३० अंशांवर जिवाणू दोन दिवसांनी आणि पुन्हा पाच दिवसांनी मोजावेत, बुरशी तीन ते पाच दिवसांनी, ॲक्टिनोमायसीट सात ते दहा दिवसांनी. मातीतील पुष्कळ जिवाणू सावकाश वाढतात. चोवीस तासांत मोजणी आटोपली तर ते हिशेबातच येत नाहीत. जिवाणूंच्या ३० ते ३०० वसाहती असलेल्या प्लेटच धराव्यात. समजा, १:१०,००० या द्रावणाचे ०.१ मिलिलिटर पसरले आणि ८६ वसाहती आल्या, तर एका ग्रॅम ओल्या मातीत ८६ लाख वसाहतक्षम जिवाणू झाले. दहा ग्रॅम माती वाळून आठ ग्रॅम उरली असेल तर ८६ लाखांना ०.८ने भागावे: एका ग्रॅम कोरड्या मातीत १ कोटी ७ लाख ५० हजार. हा शेवटचा भागाकार विसरला की कणकुंबीची ओली माती गोकाकच्या कोरड्या मातीपेक्षा उगाच गरीब ठरते. मोजून झालेल्या प्लेट निर्जंतुक केल्याशिवाय कचऱ्यात टाकू नयेत.

प्लेटवर उगवतात ते जिवाणू मातीतील एकूण जिवाणूंचा अगदी लहान हिस्सा असतात. साधारणपणे एक टक्का किंवा त्याहून कमी, असे मानले जाते. त्यामुळे प्लेटवरील आकड्याला "मातीतील जिवाणूंची संख्या" म्हणू नये, "संवर्धनक्षम जिवाणूंची संख्या" म्हणावे. सर्व जिवाणूंची विविधता पाहायची असेल तर मातीतून डीएनए काढून जिवाणूंसाठी १६एस आणि बुरशीसाठी आयटीएस हा ओळख पटवणारा डीएनएचा भाग वाचून घ्यावा लागतो. ते काम बाहेरच्या प्रयोगशाळेकडे देताना रिकामी, मातीविना प्रक्रिया केलेली नळीही नमुन्यांबरोबर न सांगता पाठवावी. रानातील मातीत ह्युमिक आम्ले भरपूर असतात आणि ती डीएनएची पुढील प्रक्रिया रोखतात, म्हणून ती काढून टाकणारा संच मागून घ्यावा.

आकडे लावणे

प्रत्येक प्रजाती किती चौरसांत सापडली, असा तक्ता करावा. चौरस एकेक वाढवत गेल्यावर एकूण प्रजाती कशा वाढतात, याची वक्ररेषा काढली की आपण पुरेसे पाहिले आहे का, हे कळते. रेषा अजून चढत असेल तर आपली यादी अपुरी आहे. न सापडलेल्या प्रजातींचा अंदाज करण्यासाठी संख्याशास्त्रज्ञ ॲन चाओ यांचे सूत्र सोपे आहे. समजा, २० चौरसांत ४८ प्रजाती सापडल्या, त्यांपैकी १२ फक्त एकाच चौरसात आणि ८ नेमक्या दोन चौरसांत. बाराचा वर्ग १४४, भागिले आठाची दुप्पट १६, म्हणजे ९. त्याला एकोणीस-विसांशाने गुणले की ८.५५. म्हणजे तेथे निदान ५७च्या आसपास प्रजाती असाव्यात. हा अंदाज किमान असतो, त्यामुळे "५७ प्रजाती आहेत" असे लिहिणे चूक. "४८ सापडल्या, किमान अंदाज ५७" असे लिहावे. एकाच चौरसात आलेल्या प्रजातींवर हे सूत्र उभे असल्यामुळे चुकीच्या ओळखीने निर्माण झालेली प्रत्येक खोटी प्रजाती अंदाज झपाट्याने वाढवते. नावांसाठी एवढा वेळ द्यावा लागतो तो यासाठीही.

पश्चिमेकडे २० चौरस झाले आणि पूर्वेकडे ८च झाले, तर २०मधून यदृच्छेने ८ निवडून प्रजाती मोजाव्यात, असे शंभर-दोनशे वेळा करून सरासरी काढावी आणि मग पूर्वेच्या आठांशी ताडून पाहावी. डीएनएच्या बाबतीतही दर नमुन्यातून सारख्याच संख्येने वाचने (डीएनएचे वाचलेले तुकडे) घेऊन तुलना करावी.

चौरसाच्या चारही कोपऱ्यांत जमिनीलगत लोखंडी खुंट्या ठोकून ठेवाव्यात आणि जीपीएसचे आकडे वहीत लिहावेत. दाट रानात जीपीएस पाच-दहा मीटर चुकतो, त्यामुळे जवळच्या एखाद्या ठळक झाडापासून किंवा दगडापासूनचे अंतर आणि दिशाही टिपावी. वहीची एक प्रत वनखात्याला द्यावी आणि वनस्पतींची यादी मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत करून गावच्या ग्रामपंचायतीत द्यावी. तिथल्या जैवविविधता नोंदवहीत तिला जागा असते, आणि त्या चौरसांपर्यंतची वाट पुढच्या वेळी दाखवणारी माणसेही त्याच गावात असतात.